कोरडी वाळू

गंजमाळच्या रद्दीवाल्याकडे, अठरा रुपये किलो,
दहावीची गाइडं आणि कुणाकुणाच्या लग्नपत्रिका,
त्यांच्या तळाशी ‘करपल्लवी’चे अकरा अंक.
वर छापलेलं: केवळ जादूगारांसाठी.
इतरांनी कृपया मिटवून ठेवावा.
मी तिथंच उघडला,
उकिडवी बसून, हेल्मेट काखेत.

सात वर्षं शोधत होते.
गंगापूर रोडच्या हॉलांत वाढदिवस करते मी,
केक कापायच्या आधी वीस मिनिटं.
पोरं ओरडतात, आंटी, हे मोबाइलवर पाहिलंय,
बाहीत आहे, बाहीत!
बाहीत असतं, खरंच.
म्हणून मला हवा होता तो एक प्रयोग
ज्यात बाही कोपराच्या वर दुमडलेली असते:
परातीत पाणी, पाण्यात मूठभर वाळू,
ढवळायची, पुन्हा हात घालायचा,
बाहेर काढून मूठ सैल सोडली
की वाळू झरझर खाली येते
कोरडी.

डिसेंबर एकोणसत्तर, पान चौदा.

त्या अंकाची पीडीएफ होती माझ्याकडे.
कुणी काढलेली, कुणी पाठवलेली, ठाऊक नाही.
पानं तिरकी, करडी, आणि प्रत्येक पानाच्या कडेला
ते दाबून धरणारा अंगठा.
चौदाव्या पानावर तो जरा आत सरकलाय,
नेमका त्या ओळीवर:
‘प्रयोगाच्या आदल्या रात्री वाळूला’
आणि पुढे नख.
मी दुप्पट मोठं करून पाहिलं.
नख मोठं झालं.

म्हणून छापील अंक. म्हणून गंजमाळ.
आतल्या पानावर जांभळा शिक्का:
प्रो. रंगनाथ निकुंभ, नोट प्रेस क्वार्टर्स, नाशिक रोड.
हां, ते प्रोफेसर, शकूरभाई म्हणाले,
अब्बांनी गठ्ठा उचलला तेव्हा मी एवढासा.
दिवसभर नोटा मोजायचे,
सुटताना गेटवर झडती,
दोन्ही हात उघडे, बोटं फाकलेली.
आणि रविवारी देवी चौकात
आम्हा पोरांच्या कानातून रुपया काढायचे.
एकच. दर रविवारी तोच.
परत घ्यायचे.

शकूरभाई हसले. मला हसू येईना.
हात रिकामे आहेत
हे रोज, पगारावर, दाखवणारा जादूगार
मी दुसरा ऐकलेला नाही.

घरी आल्यावर पंखा बंद केला.
पान बारा. पान तेरा.
तेराच्या पाठीला चौदा,
आणि चौदा पंधराला चिकटलेलं,
पापडावर ओला पापड वाळावा तसं.
गठ्ठा भांडी बाजारातल्या तळघरात होता म्हणे
दुतोंड्या मारुती बुडाला त्या साली.
पाण्यातून कोरडं काढायची विद्या
आणि ती पाण्यानंच गिळलेली.

किटलीची वाफ देऊन बघ, कुणी सांगितलं होतं.
कोपरा सुटला. शाईही सुटली.
मी किटली बाजूला ठेवली.

तेराव्या पानाच्या समासात पेन्सिल आहे,
शिसं टोकदार, हिशेबनिसाचं अक्षर:
‘नऊ वेळा केला. सातदा जमला.
वत्सलेला कळते. तरी टाळ्या वाजवते.’
खाली तारीख नाही.
मी ते दोनदा वाचलं आणि मग एकदा
मोठ्यानं.

ट्यूबलाइटसमोर धरलं तर पानातून
उलटी अक्षरं दिसतात, एकावर एक,
‘रात्री’ कळतं, ‘मंद आचेवर’ कळतं बहुतेक,
बाकी डाग.
बरं, असू दे.
अंक मिटताना टेबलावर उभा आपटला,
आणि शिवणीतून,
दोन पिनांच्या मधून,
बारीक रेघ धरून सांडत राहिली
गोदेच्या पुराची वाळू.
बोट फिरवून पाहिलं.

घरात कुणी नव्हतं.
तरी मी आधी बाह्या वर सारल्या,
दोन्ही तळवे ट्यूबलाइटला दाखवले,
आणि मग ती मुठीत घेतली.